साराचं भांडं

आर. के. पुरम, नवी दिल्ली
१९ नोव्हेंबर १९९५

ती. प्रभाआत्यास,
माधवीचा नमस्कार.

अनारशांचा डबा मिळाला. वाटेत दोनच मोडले. इंद्रजितने ऑफिसात नेऊन भाव खाल्ला, मी चार खाल्ले, आणि अर्पिताने एकसुद्धा नाही. म्हणूनच लिहायला बसले आहे.

गेले दोन महिने ही पोरगी जेवतच नाही. ताट समोर आलं की पोट दुखतं म्हणते. सात वर्षांची मुलगी, पण चेहरा कसा पिठासारखा झालाय. शाळेतून आली की दप्तर फेकते आणि पलंगावर आडवी होते. काही विचारलं की अंगावर येते, "मम्मी, तंग मत करो ना!" आधी मराठीत तरी चिडायची.

मला कारण माहीत आहे असं वाटतं. समोरची अलमेलू तुला आठवत असेल. मागच्या थंडीत तू आली होतीस तेव्हा रोज सकाळी तुला फिल्टर कॉफी आणून द्यायची ती. त्यांनी नोएडात सोसायटीचा फ्लॅट घेतला आणि जुलैत क्वार्टर सोडून गेले. आजकाल ज्याला त्याला यमुनेपलीकडे घर हवंय. तिची पद्मजा आणि आमची अर्पिता जन्मापासून एका दारातून दुसऱ्या दारात. पद्मजा गेली आणि ही कोमेजली. माझी खात्री आहे, हा मनाचा आजार आहे.

एकच गोष्ट आवडीने खाते, ती म्हणजे सार. जाताना अलमेलूने मला तिच्या पद्धतीचं रसम करायला शिकवलं आणि त्याचं खास भांडंही भेट दिलं. चिंचेचं, टोमॅटोचं, रोज त्याच भांड्यात करते. अर्पिता वाटीला तोंड लावून दोन-दोन वाट्या पिते. म्हणते, पद्मजाच्या घरची चव येते. तेवढंच पोटात जातं म्हणून मीही नाही म्हणत नाही.

तू इतकी वर्षं शाळेत मुली सांभाळल्यास. काय करू सांग.

तुझी,
माधवी


मिरज
२६ नोव्हेंबर १९९५

प्रिय माधवी,

पत्र मिळालं. अर्पिताला आधी एक पापा दे, मग बाकीचं.

तू म्हणतेस तसंच असेल. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिची मैत्रीण बदलीमुळे कारवारला गेली तर हिने पंधरवडाभर डबा उघडला नाही. लहान मुलांचं दुःख पोटात उतरतं. तिला एखाद्या रविवारी नोएडाला घेऊन जा. दिवसभर खेळू दे. पद्मजाला इकडे राहायला बोलाव. आणि तरी पोट दुखलंच तर डॉक्टरांना दाखव, मनाचा आजार म्हणून बसू नकोस.

अलमेलूच्या भांड्याबद्दल मात्र कुतूहल वाटलं. कसल्या धातूचं आहे? आमच्या एका बेळगावच्या बाईंकडून असं ऐकलं होतं की तमिळ लोक कथलाच्या भांड्यात सार करतात. कथील म्हणजे आपल्याकडे पितळी भांड्यांना ज्याची कल्हई करतात तेच. ते बाकी धातूंच्या मानाने लवकर वितळतं, म्हणून मला नवल वाटलं की गॅसवर कसं टिकतं. आतलं पाणी त्याला वाचवत असणार. निवृत्त झाले तरी शास्त्राची मास्तरीण आहे मी, असले प्रश्न पडतातच. सवडीने कळव.

इकडे थंडी बेताची. पाठ बरी आहे.

तुझी,
प्रभाआत्या


आर. के. पुरम
४ डिसेंबर १९९५

ती. प्रभाआत्या,

नोएडाला जाऊन आलो. आत्या, मला भीती वाटायला लागली आहे.

दोन बस बदलून, धूळ खात तिथे पोचलो. नवीकोरी बिल्डिंग, समोर अजून सगळे रिकामे प्लॉट आणि त्यात म्हशी. पद्मजा गेटपर्यंत धावत आली. आणि अर्पिताने तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही गं. अर्धा तास खेळली असेल, मग पोट धरून अलमेलूच्या पलंगावर पडून राहिली. पद्मजा तिच्याजवळ बसून तिला कॉमिक वाचून दाखवत होती आणि ही भिंतीकडे तोंड करून. मग कसला मनाचा आजार?

डिस्पेन्सरीतल्या डॉक्टरांनी जंताचं औषध आणि लोहाचं टॉनिक दिलं. ते संपत आलं. फरक नाही. आणि तुला मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं ते आता लिहिते. शाळेतून बोलावणं आलं होतं. मॅडम म्हणाल्या, आधी झटपट वाचणारी मुलगी आता ओळीत मध्येच थांबते, कालचा धडा आज विसरते. "घर में कोई टेंशन है क्या?" असं विचारलं मला. इंद्रजित म्हणतो, मुलं अशी होतात कधी कधी, तू उगाच घाबरतेस. पण तोही हल्ली तिच्याशी फार हळू आवाजात बोलतो.

तू भांड्याचं विचारलं होतंस. अलमेलू त्याला ईयम म्हणते. चांदीसारखं नाही, जरा काळपट करडं आहे. लहानसं दिसतं पण उचलायला गेलं की हात खाली जातो, इतकं जड. मऊ आहे, नखाने ओरखडा उठतो. एकदा रिकामं गॅसवर राहिलं तर काठ जरासा वाकला. पुसलं की फडकं काळं होतं. अर्पिताने एकदा काय केलं, भांड्याचा काठ वर्तमानपत्रावर घासून मांजर काढलं. पेन्सिलीसारखी रेघ उठते त्याची. आम्ही दोघी हसलो होतो. तेव्हा ती हसत होती.

लवकर लिही.

तुझी,
माधवी


मिरज
९ डिसेंबर १९९५
(स्पीड पोस्टाने)

माधवी,

हे पत्र पुढे वाचण्याआधी उठ आणि ते भांडं स्वयंपाकघरातून बाहेर काढ. त्यातलं सार असेल तर ओतून दे. अर्पिताच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेव. मग वाच.

तुमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या फोनवर एसटीडी बूथवरून सकाळपासून प्रयत्न केला, लागत नाही. म्हणून हे.

कागदावर पेन्सिलीसारखी रेघ उठते हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठले. कथील असं सहज रेघ मारत नाही. शिसं मारतं. मऊ, काळपट, हात खाली जाईल इतकं जड, हेही शिशाचंच वर्णन. कथलाच्या भांड्यात आंबट शिजवलेलं चालतं. शिशाच्या भांड्यात चिंच आणि टोमॅटो उकळले तर शिसं सारात उतरतं, आणि ते लहान मुलाच्या अंगात साठतं. पोटदुखी, फिकेपणा, चिडचिड, विसरणं, हे सगळं त्याने होऊ शकतं.

पण ही माझी शंका आहे. दिसण्यावरून धातू ओळखणं म्हणजे अंदाज. आपल्याला खात्री हवी, म्हणजे डॉक्टरांसमोर नुसती भीती घेऊन जावं लागणार नाही. खात्री करणं तुझ्या हातात आहे. भांड्याची घनता काढ. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. भांडं किती ग्रॅम आहे ते वाण्याकडे तोलून घे. आकारमान किती घन सेंटिमीटर ते पाण्याने मोज. एक मिलिलिटर म्हणजेच एक घन सेंटिमीटर. मग भागाकार कर. कथलाची घनता ७.३ असते. शिशाची ११.३. दोन्हींत एवढं अंतर आहे की घरातल्या मोजमापाने सुद्धा कळेल.

आकडे लगेच कळव. अर्पिताला दूध, डाळ, पालेभाजी दे. ओट्यावरचा, फरशीवरचा काळा डाग ओल्या फडक्याने पूस. घाबरू नकोस.

प्रभाआत्या


आर. के. पुरम
१४ डिसेंबर १९९५

ती. आत्या,

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. भांडं बाल्कनीत वरच्या फळीवर ठेवलं आहे. काल अर्पिता सारासाठी रडली. स्टीलच्या पातेल्यात केलं तर म्हणाली, वो वाला नहीं है.

आता ऐक, बहुतेक देवाने वाचवलं! कोपऱ्यावरच्या लालाजींकडे भांडं तोललं. ते म्हणाले, "भाभीजी, बेचना है या खरीदना है?" भरलं एक किलो सहाशे पन्नास ग्रॅम. घरी आल्यावर इंद्रजितने भांडं काठोकाठ पाण्याने भरलं आणि ते पाणी दुधाच्या मापाने मोजलं. एक लिटर चारशे मिली. १६५० भागिले १४००. उत्तर १.१८. ना सात, ना अकरा.

इंद्रजित म्हणाला, "तुझ्या आत्याचं शिसं अजून थोडं हलकं असतं तर यमुनेत तरंगलं असतं." खूप दिवसांनी हसलो आम्ही. मग ते शिसं नाही ना? मला इतकं हायसं वाटलं की रात्री भांडं परत आत आणावं असं मनात आलं होतं. पण तुझं उत्तर येईपर्यंत हात लावणार नाही.

पोट मात्र कालही दुखलं तिचं.

माधवी


मिरज
१९ डिसेंबर १९९५

प्रिय माधवी,

आत आणलं नाहीस हे फार चांगलं केलंस. आणू नकोस.

१.१८ घनतेचा धातू मला आयुष्यात भेटलेला नाही. आबनुसाचं काळं लाकूड साधारण तेवढं असतं. असा आकडा आला की समजायचं, मोजण्यात चूक आहे. चूक कुठे तेही मला कळलं. तुम्ही भांड्याच्या पोटात किती पाणी मावतं ते मोजलंत. मला भांड्याच्या अंगाचं आकारमान हवंय, म्हणजे धातू स्वतः किती जागा व्यापतो ते. मीच मागच्या पत्रात "पाण्याने मोज" एवढंच लिहिलं, नीट फोड करून लिहायला हवं होतं. घाई झाली होती.

आता असं कर. भांडं पूर्ण बुडेल अशी लहान बादली घे. ती मोठ्या परातीत ठेव. बादली काठोकाठ भर, पाणी सांडायचं थांबेपर्यंत वाट बघ, मग परात कोरडी कर. आता भांडं दोऱ्याने बांधून, तिरकं धरून सावकाश आत सोड. तिरकं अशासाठी की आत हवा अडकता कामा नये. बोट बुडवू नकोस, बोटाचंही आकारमान असतं. जेवढं पाणी परातीत सांडेल तेवढंच भांड्याच्या धातूचं आकारमान. ते अर्पिताच्या लहानपणीच्या दुधाच्या बाटलीने मोज, तिच्यावर मिलीच्या खुणा असतात.

तीनदा कर. एकदा तू, एकदा इंद्रजित, एकदा दोघं मिळून. एकमेकांचे आकडे आधी बघू नका. कथील असेल तर सव्वादोनशे मिलीच्या आसपास पाणी सांडेल, शिसं असेल तर दीडशेच्या. पाच-दहा मिली इकडेतिकडे होईल, बादलीचा काठ रुंद असतो, त्याची काळजी नको. सत्तर मिलीची चूक होणार नाही.

आणि काही आकडा येवो, पोट दुखतंय तर तिला मोठ्या हॉस्पिटलात ने. उत्तराची वाट बघू नकोस.

प्रभाआत्या


आर. के. पुरम
२७ डिसेंबर १९९५

ती. आत्या,

पहिल्यांदा मी मोजलं. एकशे पन्नास. कागद उलटा ठेवला. इंद्रजितने मोजलं, बाटली खिडकीच्या उजेडात धरून खूण परत वाचली. त्याचं एकशे पंचेचाळीस होतं. तिसऱ्यांदा दोघांनी मिळून, एकशे पंचावन्न. १६५० भागिले १५०, अकरा.

अकरा, आत्या. आपल्या घरात जुलैपासून रोज शिशाचं सार शिजत होतं आणि मी ते माझ्या हाताने तिला पाजत होते.

इंद्रजितने दुसऱ्या दिवशी रजा टाकली. मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या मुलांच्या विभागात सकाळीच गेलो. रांग विचारूच नकोस. भांडं पिशवीत घेऊन गेलो होतो. शेवटी डॉ. साधना माथुर म्हणून बाई भेटल्या. मी एका दमात सगळं सांगितलं, हिंदीत सांगताना शिशाला काय म्हणायचं तेही आठवेना. इंद्रजित म्हणाला, "लेड, मैडम." त्यांनी विचारलं, "लेड है, ये किसने बताया?" मी घनतेचा कागद पुढे केला. त्यांनी वाचला, मग भांडं हातात तोलून बघितलं. "वॉल्यूम कैसे निकाला आपने?" मी बादली, परात, दुधाची बाटली सगळं सांगितलं. त्या पेन उचलत म्हणाल्या, "बहुत अच्छा किया. ऐसे केस में हम महीनों पेट का इलाज करते रह जाते हैं."

अर्पिताच्या हिरड्या बघितल्या, पोट दाबून बघितलं, आणि तिचं आणि माझं दोघींचं रक्त घेतलं. इंद्रजित आंबट खात नाही, तरी त्याचंही घेतलं. ही तपासणी सगळीकडे होत नाही, नमुने दुसऱ्या लॅबला जातात. रिपोर्टला वेळ लागणार. तोवर लोह, कॅल्शियम, आणि ते भांडं कायमचं बंद. सुई टोचताना अर्पिता रडली नाही. तेच मला जास्त लागलं. पूर्वी ती अख्खी डिस्पेन्सरी डोक्यावर घ्यायची.

आता दुसरी गोष्ट. अलमेलूला सांगायचं का? इंद्रजित म्हणतो, नको. म्हणतो, बिचारीने प्रेमाने दिलं, आपण सांगितलं तर जन्मभर स्वतःला दोष देत बसेल, किंवा आपल्यालाच तोडेल. आपण भांडं वापरत नाही, बात खतम. मलाही तिच्यासमोर उभं राहून हे बोलायची हिंमत होत नाही. आणि खरं सांगू? थोडा रागही येतो. मग रागाचीच लाज वाटते.

माधवी


मिरज
१ जानेवारी १९९६

प्रिय माधवी,

सांग. आणि या आठवड्यातच सांग.

अलमेलूच्या घरीही सार शिजतं, आणि रोज शिजतं. तिथे पद्मजा आहे, तिचा धाकटा भाऊ आहे. तिचं भांडं कसलं आहे ते तुला माहीत आहे का? मला नाही. तिलाही नसेल. तिचं मन राखायला आपण गप्प बसलो आणि उद्या त्या मुलांचं पोट दुखायला लागलं, तर इंद्रजितला चालेल का, विचार त्याला.

रागाचं म्हणशील तर घनतेने एवढंच कळतं की भांडं कशाचं आहे. अलमेलूच्या मनाबद्दल तो आकडा काही सांगत नाही. मी इथे आमच्या लायब्ररीतला तमिळ शब्दकोश बघून आले. त्यांच्याकडे कथील आणि शिसं दोन्हींना ईयमच म्हणतात. एक पांढरं, एक काळं, एवढाच भेद. विकणाऱ्याने ईयम म्हणून दिलं, तिने ईयम म्हणून घेतलं.

बादली घेऊन जा. नुसते शब्द घेऊन गेलीस तर ती रडेल. तिच्याबरोबर तिचं भांडं मोज.

रिपोर्ट आला की तार कर. पत्राची वाट बघवणार नाही.

प्रभाआत्या


आर. के. पुरम
१७ जानेवारी १९९६

ती. आत्या,

तार मिळालीच असेल. आता सविस्तर.

आधी नोएडाचं. तुझं पत्र वाचून इंद्रजित म्हणाला, "मुलांचं माझ्या लक्षातच आलं नाही यार," आणि रविवारी स्वतःच बरोबर निघाला. अलमेलू दारात आनंदाने आली, आमच्या हातातली परात बघून हसली. "माधवी, शिफ्टिंग कर रहे हो क्या?"

बसले आणि सांगितलं. तिचा चेहरा बघवत नव्हता. आधी तिला वाटलं मी आरोप करतेय. ताठ बसून म्हणाली, "मेरी माँ, मेरी नानी, सब इसी में बनाते हैं. किसी को कुछ नहीं हुआ." मग आकडे ऐकले. मग एकदम उठली आणि शेगडीवर उकळत असलेलं सार बेसिनमध्ये ओतलं. भांडं तसंच गरम हातात, तिला चटका बसला तरी सोडेना. म्हणाली, "मैंने अर्पिता को ज़हर दिया?" तिला नुसतं धरून बसले. पद्मजा आणि अर्पिता आतल्या दारात उभ्या होत्या.

मग तिचे मिस्टर म्हणाले, "चलो, पहले नापते हैं." त्यांच्या खालच्या किराणा दुकानात तोललं, नऊशे ग्रॅम. स्वयंपाकघराच्या फरशीवर बादली, परात. अलमेलूनेच दोरा बांधला. पाणी सांडलं ते एकशे पंचवीस मिली. तिच्या मिस्टरांनी भागाकार केला, परत केला. ७.२. कथील, आत्या. तिचं भांडं तिच्या नानीचं, कुंभकोणमहून आलेलं, शुद्ध कथलाचं आहे. मला द्यायचं म्हणून तिने तसंच नवं शोधलं होतं, आणि इथे मिळेना म्हणून कुठल्याशा मेळ्यात एका फिरत्या विक्रेत्याकडून घेतलं. तो कोण, कुठला, काही पत्ता नाही.

पद्मजा आणि तिच्या भावाला काही नाही. तो आकडा ऐकून अलमेलू जशी रडली, तशी आधीसुद्धा रडली नव्हती. मीही रडले. इंद्रजित आणि तिचे मिस्टर उगाच फरशी पुसत राहिले. नंतर तिने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पोंगल होता त्यांचा.

आता रिपोर्ट. अर्पिताच्या रक्तातलं शिसं अठ्ठावीस निघालं. डॉ. माथुर म्हणाल्या, दहाच्या आत हवं, म्हणजे हे बरंच जास्त आहे, पण पंचेचाळीसच्या वर असतं तर भरती करून औषधं द्यावी लागली असती. तशी गरज नाही. उगम बंद झाला हेच सगळ्यात मोठं औषध. आता शरीर हळूहळू बाहेर टाकेल. माझं एकोणीस आहे, इंद्रजितचं अगदी कमी. मी विचारलं, तिच्या डोक्यावर कायमचा परिणाम राहील का? त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, लवकर पकडलंय, आशा चांगली आहे, पण लक्ष ठेवू, एप्रिलमध्ये परत तपासू. भांडं त्यांनी मागून घेतलं, शिकणाऱ्या डॉक्टरांना दाखवायला. मला तर बरंच झालं, भंगारात दिलं असतं तर कुणाच्या तरी घरी परत गेलं असतं.

परवा अर्पिताने स्वतःहून पोळी मागितली. अर्धीच खाल्ली. पण मागितली.

तुझी,
माधवी


आर. के. पुरम
२१ एप्रिल १९९६

ती. आत्या,

सतरा!

काल रिपोर्ट घेतला. डॉ. माथुरनी बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अब आप साँस ले सकती हैं." आकडा अजून खाली यायला हवा, आणखी सहा महिने तपासण्या आहेत, पण आलेख उतरतोय. हिमोग्लोबिन वाढलंय. फेब्रुवारीपासून पोटदुखीची तक्रार नाही. शाळेच्या मॅडम म्हणाल्या, वाचन आधीसारखं सुरू झालंय, गणितात अजून जरा मदत लागेल. ती मदत मी करीन, मला आता भागाकार येतो.

आणि भांडखोरपणा परत आलाय बघ. बसमध्ये खिडकीच्या जागेवरून एका सरदारजी आजोबांशी भांडली. ते म्हणाले, "ओए, ये तो शेरनी है." मी तिला दटावलं, पण मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही. इंद्रजितने तिला हॉस्पिटलच्या बाहेर छोले-भटुरे खाऊ घातले, पूर्ण प्लेट संपवली. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून घरापर्यंत झोपली. गाल लाल झाले होते उन्हाने.

पद्मजा उन्हाळ्याच्या सुटीत आमच्याकडे राहायला येणार आहे. अलमेलू दर रविवारी खालच्या बाईंकडे फोन करते, पहिला प्रश्न तोच, आज काय खाल्लं तिने?

अर्पिताला दोन ओळी लिहायच्या आहेत.

आजी, मी ठीक आहे. मला इंजेक्शन लागलं तेव्हा मी रडली नाही, पण या वेळी खूप जोरात रडली. तू दिल्ली कधी येणार? इथे कूलर लावला आहे. अर्पिता


मिरज
२७ एप्रिल १९९६

प्रिय माधवी, इंद्रजित आणि माझी भांडखोर अर्पिता,

पत्र दारातच फोडलं. शेजारच्या उल्काताई कपडे वाळत घालत होत्या, त्यांना ओरडून सांगितलं, "सतरा आलं!" त्यांना काही कळलं नाही, पण त्याही आनंदाने हसल्या.

आता सांगायला हरकत नाही. तुला भांडं बाहेर काढ असं लिहिलं, त्याच दिवशी मी इथल्या हॉस्पिटलात एका ओळखीच्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी मला शिशाने काय काय होऊ शकतं ते सगळं सांगितलं, फिट येणं, बेशुद्ध पडणं, सगळं. त्यातलं एकही मी तुला लिहिलं नाही. मग मी फक्त बादलीबद्दल आणि भागाकाराबद्दल लिहीत राहिले. त्यापलीकडे माझ्या हातात काहीच नव्हतं, आणि तुझ्या हातात काहीतरी असलं पाहिजे होतं. तुझं १.१८ आलं तेव्हा मी देवासमोर बसून हसले आणि रडले, दोन्ही.

अर्पिता, तू जोरात रडलीस हे फार छान केलंस. मी पुढच्या महिन्यात येते आहे. तिकीट काढलं आहे, निजामुद्दीनला उतरेन. बाबांना सांग, मला न्यायला यायचं आणि लवकर यायचं.

माधवी, डिसेंबरपासून मी दुपारी झोपू शकत नव्हते. आज तुझं पत्र वाचलं, पोटभर जेवले, आणि ताटसुद्धा उचललं नाही. तशीच चटईवर आडवी झाले. जागी झाले तेव्हा खिडकीतलं ऊन उतरलं होतं आणि उल्काताई दारात चहा घेऊन उभ्या होत्या.

तुमची,
प्रभाआत्या